वाड्याच्या दारात मावेल अशी गाडी

मागच्या मासिक सभेत विषयपत्रिकेवर साधाच विषय होता : गणेशोत्सवात मंडळाच्या पटांगणात वाहने कुठे लावायची. पंधरा मिनिटांत आटपेल असे वाटलेला हा विषय पावणेदोन तास चालला आणि अखेरीस सभेत चक्क दोन तट पडले. चर्चा पटांगणावरून गाड्यांवर आली, गाड्यांवरून विजेच्या गाड्यांवर आली, आणि तेथून 'घेतोच आहोत तर मोठीच घेऊ' या वाक्यावर येऊन अडकली. अध्यक्षांनी चहा मागवला म्हणून वेळ निभावली. त्या दिवशी जे बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहोत. वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. आम्हांला मात्र तो आपल्या समाजाचा आणि सरळच सांगायचे तर राजकारणाचाही वाटतो.

आपल्यातल्याच एका घराची गोष्ट आधी सांगतो. नाव लिहीत नाही. दांडिया बाजाराच्या बाजूला चार भावांचा वाडा आहे, आता चौथी पिढी नांदते आहे. थोरल्या पातीच्या मुलाने हौसेने विजेवर चालणारी मोठी गाडी घेतली. पेढे वाटले, गाडीची पूजा झाली. पूजा मात्र हमरस्त्यावर करावी लागली, कारण गल्लीचे तोंड नऊ फुटांचे आणि गाडी सहा फुटांहून रुंद. कागदावर ती आत जाते. पण दोन्ही भिंतींना दुचाक्या टेकलेल्या असतात, सकाळी भाजीची लारी उभी असते, आणि मध्ये विजेचा खांब. दोनदा आरसा घासल्यावर गाडी कायमची रस्त्यावर राहू लागली. तेथून ती दोनदा उचलून नेली गेली आणि दंड भरून सोडवून आणावी लागली. चार्जिंग हा त्याहून मोठा घोळ. दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडून रस्त्यावरची गाडी चार्ज करता येत नाही, करूही नये. वाड्याच्या चौकात जोडणी घ्यायची तर मीटरवरचा मंजूर भार वाढवायला हवा, त्यासाठी चारही भावांच्या सह्या हव्यात. एक भाऊ पुण्याला, एकाची मुले अमेरिकेत. अर्ज सात महिने कार्यालयात पडून राहिला. शेवटी मुलाने गोत्रीला फ्लॅट घेतला. तेथे खाली गाडीला जागा आहे, भिंतीवर चार्जरही आहे. आता वाड्यातल्या त्याच्या हिश्श्याचे बोलणे बिल्डरशी चालू आहे, आणि एक हिस्सा गेला की बाकीचे फार दिवस टिकत नाहीत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या घरातल्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी नातवाला एवढेच विचारले, "गाडीसाठी घर सोडतोस का रे?" नातवाला उत्तर देता आले नाही. त्याचा दोष नाही. गाडीशिवाय त्याचे चालत नाही, नोकरी त्याची शहराबाहेर आहे.

याच आजींना गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता दवाखान्यात न्यावे लागले. नातवाची गाडी गोत्रीला. शेजारच्या काकांच्या जुन्या, लहानशा मारुतीतून नेले. ती थेट वाड्याच्या दिंडीपर्यंत आली.

असे एकच घर असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीच्या आसपासची आपली वस्ती कशी विरळ होत चालली आहे हे सांगायला आकडे नकोत. मतदार यादी घेऊन फिरणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना ते पायांना कळते. नाव यादीत असते, दाराला कुलूप असते. घर सोडण्याची कारणे अनेक असतात : जिने चढवत नाहीत, पाणी कमी दाबाने येते, मुलांच्या शाळा लांब गेल्या. पण अलीकडे जो उठतो तो पहिले कारण सांगतो, 'गाडी कुठे लावणार?' समाज एका जागी राहिला नाही की त्याचे मत मोजले जात नाही. मत मोजले गेले नाही की मराठी शाळेच्या तुकड्या, वाचनालयाचे अनुदान, विसर्जनाचा मार्ग या सगळ्यांवर आपण फक्त निवेदने देत बसतो. म्हणून गाडीचा प्रश्न आम्ही राजकारणाचा म्हटला.

मोठ्या गाड्यांकडे सारा देशच झुकला आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांत ज्यांना कंपन्या 'युटिलिटी' म्हणतात, म्हणजे एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या, त्या सुमारे २८ लाख. शंभरातल्या पासष्ट. वीस वर्षांपूर्वी हा देश लहान गाड्यांचा देश म्हणून ओळखला जात होता. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ती जेमतेम अकरा फूट लांब होती. तिच्यात आपण सहाजण, शिवाय एक पाण्याचा पिंप, असे बसून पावागडला जाऊन आलो आहोत. कोणाला अडचण वाटली नाही. २००६च्या अर्थसंकल्पात केंद्राने चार मीटरहून आखूड आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्काचा दर कमी केला, तेव्हापासून 'चार मीटर' ही रेघ आपल्या बाजारात पक्की बसली. त्या रेघेत बसवण्यासाठी मागची डिकी छाटलेल्या किती तरी गाड्या आपण रस्त्यावर पाहतो. दिसायला त्या विचित्र असतील, पण सरकारने कराची रेघ ओढली की कारखाने गाडी त्या मापाची करतात, हे त्यातून सिद्ध झाले. आमचा पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

आता कराचेच पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. लहान पेट्रोल गाडी, म्हणजे चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत, तिच्यावर १८ टक्के. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. म्हणजे सरकारला लहान आणि मोठे यांतला फरक चांगला कळतो. पण गाडी विजेची झाली की हा फरक सरकार विसरते. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून सरसकट ५ टक्के कर आहे. पावणेदहा फुटांची असो वा पावणेसोळा फुटांची, सात लाखांची असो वा सत्तर लाखांची, कर पाचच टक्के.

ऐकायला हे समान वागणूक दिल्यासारखे वाटते. हिशेब करून पाहा. कर धरण्याआधी वीस लाखांची मोठी गाडी घेतली. पेट्रोलची असती तर कर आठ लाख, विजेची असेल तर एक लाख. सरकारने त्या ग्राहकाचे सात लाख वाचवले. आता सात लाखांची लहान गाडी घ्या. पेट्रोलची असती तर कर १ लाख २६ हजार, विजेची असेल तर ३५ हजार. सरकारने या ग्राहकाचे वाचवले ९१ हजार. वीस लाखांची गाडी परवडणाऱ्याला सात लाखांची मदत, आणि पहिलीच गाडी घेणाऱ्या शिक्षकाला किंवा निवृत्त कारकुनाला एक लाखाचीही नाही. शिवाय त्याच सप्टेंबरात लहान पेट्रोल गाडीवरचा कर उपकरासकट २९ टक्क्यांवरून १८ वर उतरला. त्याचे आम्ही स्वागतच केले. पण त्यामुळे लहान विजेच्या गाडीशी तिची तुलना करणाऱ्या ग्राहकापुढचा फरक २४ टक्क्यांवरून १३ वर आला. लहान विजेच्या गाडीला या बदलात काहीच मिळाले नाही, उलट तिची प्रतिस्पर्धी स्वस्त झाली.

राज्याच्या बाबतीत थोडे चांगले बोलायला हवे. गुजरात सरकारने २०२१ मध्ये जे विद्युत वाहन धोरण आणले त्यात बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला दहा हजार रुपये मदत होती, पण चारचाकीला कमाल मर्यादा दीड लाखांची होती, आणि गाडीची कारखान्यातून निघतानाची किंमत पंधरा लाखांपर्यंतच असली पाहिजे अशी अट होती. म्हणजे पंधरा युनिटांची बॅटरी असली तरी पूर्ण मदत, तीस युनिटांची असली तरी तेवढीच, आणि फार महागडी गाडी असेल तर शून्य. ज्या कोणा अधिकाऱ्याने ही अट घातली त्याला आमचा नमस्कार. पण ते धोरण चार वर्षांचे होते आणि त्याची मुदत जून २०२५ अखेर संपली. २०२५-२६च्या राज्य अर्थसंकल्पात विजेच्या गाडीवरचा वाहन कर एका वर्षापुरता, ३१ मार्च २०२६ पर्यंत, १ टक्क्यावर आणला गेला. तोही पुन्हा किमतीच्या टक्केवारीत, म्हणजे जितकी मोठी गाडी तितकी मोठी सवलत. केंद्राची ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम ई-ड्राइव्ह योजना दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांच्यासाठी आहे, घरगुती मोटारीला तीत खरेदीची मदत नाही.

कारखानदारांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विजेच्या गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. वीस लाखांच्या गाडीत तिची किंमत मोठा पडदा, काचेचे छत, गार हवा देणाऱ्या खुर्च्या यांच्यात मिसळून जाते आणि कंपनीला दोन पैसे उरतात. सात-आठ लाखांच्या गाडीत ती लपवायला जागाच नसते. शिवाय धुराचा जो नियम कंपन्यांना लागू आहे, त्यात वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी धरतात, आणि कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादाही सैल होते. त्यातच विजेची एक गाडी तीन गाड्यांइतकी मोजली जाते, ती लहान की मोठी हे न पाहता. एवढे झाल्यावर कोणता व्यापारी लहान गाडी करील? २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या महिंद्राच्या दोन गाड्या, २०२५च्या जानेवारीतली विजेची क्रेटा, त्याच वर्षी जूनमधली विजेची हॅरियर, सगळ्या मोठ्या. एक्सईव्ही ९ई या महिंद्राच्या गाडीची लांबी पावणेसोळा फूट, रुंदी सव्वासहा फूट. चांगल्या गाड्या आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, त्यांतल्या दोन तर चाकणला मराठी हातांनी बनतात. फक्त त्या आपल्या गल्लीसाठी नाहीत.

मग गल्लीसाठी कोणी काही करते का? करते, आणि गंमत अशी की आपल्या अंगणातच करते. हालोल येथून तासाभराच्या अंतरावर. तेथला मोटारींचा कारखाना आधी हिंदुस्थान मोटर्सचा, मग जनरल मोटर्सचा, आणि २०१७ नंतर एमजीचा. आपल्यातल्या अनेक घरांची चूल या कारखान्याच्या पाळ्यांवर चालली, तो हातोहात फिरला तेव्हाची काळजीही आपण भोगली. याच कारखान्यातून २०२३ मध्ये कॉमेट नावाची विजेची गाडी आली. लांबी पावणेदहा फूट, रुंदी पाच फुटांच्या आत, बॅटरी १७.३ युनिटांची. दोन दारे, चार माणसे, सामानाला जागा बेताची. दुसरी टाटांची टियागो, साणंदची. विजेवरची टियागो २०२२ मध्ये आली, ती सव्वाबारा फुटांहून थोडी लांब आणि साडेपाच फूट रुंद. या दोन गाड्या आपल्या बहुतेक गल्ल्यांत जातील. पण हालोलच्याच कारखान्यातून २०२४च्या सप्टेंबरात चौदा फुटांची विंडसर आली आणि काही महिन्यांतच देशातल्या विजेच्या गाड्यांत खपाला सर्वांत पुढे गेली. आपल्याच दारात लहान गाडी बनते, आणि आपणच तिच्याकडे पाठ फिरवतो.

साणंद म्हटले की नॅनो आठवणारच. २००८च्या जानेवारीत एक लाखाची गाडी म्हणून ती दाखवली गेली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कारखाना सिंगूरहून साणंदला आला, २०१०च्या जूनमध्ये तो सुरू झाला. त्या वेळी याच पत्रकात आपण केवढ्या अपेक्षा बाळगल्या होत्या. पुढे २०१८ पर्यंत तिचे उत्पादन थंडावले. स्वस्तातली स्वस्त गाडी असा तिचा गवगवा झाला ही चूक होती, हे रतन टाटांनी स्वतःच पुढे बोलून दाखवले होते. स्वस्त म्हटले की आपला माणूस दोन पावले मागे सरकतो. लग्नाच्या बैठकीत 'स्थळाची गाडी कोणती' हे हळूच विचारणारे आपणच. आम्हीही त्यात आलो, नाकारत नाही.

सभेत तरुण मंडळींनी जे मुद्दे काढले त्यांना उत्तर द्यायलाच हवे, कारण ते पोकळ नव्हते. पहिला मुद्दा कुलदैवताचा. वर्षातून एकदा जेजुरीला, तुळजापूरला किंवा कोल्हापूरला जायचे, घरात सातजण, लहान बॅटरीवर कसे जमणार? नाही जमणार. पण वर्षातल्या चार-पाच दिवसांसाठी उरलेल्या तीनशेसाठ दिवसांची गाडी निवडायची हा कोणता हिशेब? आपल्याकडे लग्नात पंगतीसाठी मोठी पातेली भाड्याने आणतात, कोणी ती स्वयंपाकघरात कायमची ठेवत नाही. त्या चार दिवसांसाठी भाड्याची मोठी गाडी करावी, चालकही मिळतो, घरातला कर्ता माणूस देवदर्शनाला ताजातवाना पोचतो. ज्या घरात खरोखरच रोज सहा-सातजणांना एकत्र जावे लागते त्यांनी मोठी गाडी अवश्य घ्यावी, त्यांच्याबद्दल आम्ही बोलतच नाही.

रोजचा हिशेब असा. रावपुऱ्यातून मकरपुऱ्याच्या कारखान्यापर्यंत जाणे-येणे, मुलीची शिकवणी, मंडई, सगळे धरून दिवसाला पंचवीस किलोमीटर. कॉमेटसारखी गाडी एका चार्जवर २३० किलोमीटर जाते असे कंपनी म्हणते. आपण आपल्या उन्हाळ्याचा आणि वातानुकूलनाचा विचार करून दीडशेच धरू. तरी सहा दिवस निघतात. घरच्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती रात्रीत भरते. उलट ७९ युनिटांची बॅटरी तशा ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर भरायला हिशेबाने चोवीस तास लागतात, म्हणजे तिला वेगळा चार्जर, वाढीव भार, वेगळी वायर आलीच. खर्चाचे म्हणाल तर लहान गाडी एका युनिटमध्ये सात-आठ किलोमीटर जाते, युनिटचे आठ रुपये धरले तरी किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया. पेट्रोल लिटरला ९५ रुपये आणि गाडी लिटरला अठरा किलोमीटर धरली तर सव्वापाच रुपये. बॅटरी भाड्याने घेण्याची योजना २०२४ पासून निघाली आहे, त्यात गाडीची सुरुवातीची किंमत कमी दिसते आणि किलोमीटरप्रमाणे भाडे भरावे लागते. तिच्याबद्दल सभासदांना एक सूचना : काही करारांत दरमहा किमान किती किलोमीटर धरले जातील याची अट असते. कमी फिरणाऱ्या निवृत्तांनी सही करण्याआधी तो कागद मुलाकडून नव्हे, स्वतः वाचावा.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. मोठी गाडी म्हणजे मजबूत, लहान म्हणजे पत्र्याचा डबा, अशी समजूत आहे. लहान गाड्यांपैकी काही खरोखरच कच्च्या होत्या. पण २०२३च्या ऑक्टोबरात भारताची स्वतःची अपघात-चाचणी सुरू झाली, आणि त्यात २०२४ मध्ये टाटांच्या विजेवरच्या पंचला पाचपैकी पाच तारे मिळाले. ती गाडी चार मीटरच्या आतली आहे. मजबुती बांधणीत असते, लांबीत नाही. शिवाय दोन टनांच्या घरातली गाडी अरुंद रस्त्यावर समोरून येते तेव्हा आत बसलेल्याला सुरक्षित वाटत असेल, पण सायकलवरच्या मुलाला आणि काठी टेकत देवळात निघालेल्या आजोबांना काय वाटते हेही कोणी विचारावे. तो मुलगा आणि ते आजोबा आपलेच असतात.

तिसरा मुद्दा एका मुलीने मांडला, तो आम्हांला सर्वांत खरा वाटला. ती म्हणाली, लहान गाडी घेऊनही काका, चार्जिंगचे काय? वाड्यात ज्यांचा खालचा मजला आहे त्यांचे ठीक, वरच्यांनी काय करायचे? ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात तळघरांत उभ्या गाड्यांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे, मग खाली कुठेही जोडणी देऊनही चालणार नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. ग्राहकाने शहाणपणा करायचा आणि यंत्रणेने हातावर हात ठेवून बसायचे, असे चालणार नाही.

ज्यांची शहरे दाट आहेत त्यांनी हा विचार आपल्याआधी केला आहे. जपानमध्ये 'केई' नावाचा लहान गाड्यांचा वेगळा वर्गच आहे, लांबी ३.४ मीटरच्या आत, त्यांना कर कमी. गाडी उभी करायला जागा आहे असा दाखला तेथे गाडी घेतानाच द्यावा लागतो, लहान गाड्यांसाठी तो नियम सैल आहे. परिणाम काय झाला? २०२२ मध्ये निस्सानने याच वर्गात साकुरा ही वीस युनिटांची विजेची गाडी आणली आणि त्या देशात विजेच्या गाड्यांत तीच सर्वांत जास्त खपू लागली. पॅरिसने वेगळा मार्ग घेतला. २०२४च्या फेब्रुवारीत तेथल्या नागरिकांचे मत घेऊन, बाहेरून येणाऱ्या अवजड गाड्यांचे रस्त्यावर उभे करण्याचे शुल्क तिप्पट केले. पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिडला मर्यादा १.६ टनांची, विजेच्या गाडीला दोन टनांची. विजेची आहे म्हणून जागा कमी व्यापते असे नाही, ही साधी गोष्ट तेथल्या मतदारांनी कागदावर आणली.

आणि आपल्याला लांब जायचे तरी कारण काय? १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी रेल्वे गायकवाड सरकारने टाकली, ती अडीच फुटी रुळांची. सुरुवातीला बैल ओढत असत. कापूस वाहायचा होता, पैसा बेताचा होता, म्हणून संस्थानाने रुंद रुळांचा हट्ट धरला नाही, काम होईल एवढाच रूळ टाकला आणि पुढे त्याचे जाळे विणले. मुंबईकरांनी तेव्हा नाकेही मुरडली असतील.

तेव्हा मत मागायला जे जे दारात येतात, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्यापुढे आपण एक निवेदन ठेवावे असे आम्हांला वाटते. दिल्लीत जाणाऱ्यांनी सांगावे की विजेच्या गाडीवरही लहान-मोठे असा फरक करा. लहानीवर शून्य कर, मधलीवर पाच, आणि फार मोठीवर त्याहून अधिक. तिजोरीवर भार न टाकता हे जमते, मोठ्या गाडीवरचे थोडे वाढवून लहानीला देता येते. गांधीनगरला जाणाऱ्यांनी २०२१च्या धोरणातली किमतीची अट आणि ठोक मर्यादा परत आणावी, आणि वाहन कराची सवलत टक्क्यांत न देता एका ठरावीक रकमेत द्यावी. सेवासदनात बसणाऱ्यांकडे आमचे मागणे सर्वांत जवळचे आहे : जुन्या शहराच्या दरवाजांबाहेर, पुराच्या पातळीच्या वर, सेवासदनाच्या मोकळ्या जागांवर रात्री गाडी उभी करून चार्ज करता येईल असे तळ द्यावेत, आणि त्यात चार मीटरच्या आतल्या गाड्यांना आधी जागा मिळावी. वाड्यातल्या एका भाडेकरूला किंवा एका हिस्सेदाराला स्वतःच्या नावावर वेगळा चार्जिंग मीटर हवा असेल तर बाकीच्या सर्व हिस्सेदारांच्या सह्यांची अट काढावी, सुरक्षिततेची तपासणी हवी तेवढी कडक करावी. पुण्यातल्या भावाची सही येईपर्यंत सात महिने, हे यापुढे नको.

एक शंका काहींनी खासगीत बोलून दाखवली, की असे मागितले तर आपण प्रगतीच्या विरोधातले, जुन्या घरांना कवटाळून बसलेले ठरू. ठरू द्या. विजेची गाडी यावी हे आम्हांला हवेच आहे. रावपुऱ्याच्या टॉवरखाली संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिलेल्या कोणालाही धूर कमी झालेला हवाच असतो. ती गाडी आपल्या घरापर्यंत यावी, घराने तिच्यामागे जाऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात टेबलावर ठेवला आहे, सायंकाळी सहा ते आठ या वेळात येऊन सही करता येईल. येताना सभासदांनी एक काम करावे. आपल्या गल्लीची सर्वांत अरुंद जागा फीतीने मोजून, खांब व ओटे वगळून जेवढी उरते तेवढी, फुटांत लिहून आणावी. गल्लीत किती घरे आहेत, किती चारचाकी आहेत आणि त्यांतल्या किती रात्री बाहेर उभ्या असतात, तेही लिहावे. ज्या वाड्याची गोष्ट आरंभी सांगितली, तेथल्या आजींनी आपला आकडा पाठवला आहे : आठ फूट दहा इंच. नातवाने नऊ सांगितले होते.